विंडोज सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) मागच्या मागे अपडेट टाकते, पण वापरकर्त्याला मेसेज बॉक्स का दिसत नाही?

कोड बहुधा बरोबरच आहे. विंडोज व्हिस्टापासून सर्व्हिसेस सेशन 0 मध्ये (सेशन म्हणजे स्वतःचा वेगळा डेस्कटॉप असलेला कप्पा) कोंडलेल्या असतात आणि लॉगिन केलेला माणूस सेशन 1 किंवा त्यापुढच्या सेशनमध्ये. तुमचा बॉक्स उघडतो, पण बघायला कुणीच नसलेल्या डेस्कटॉपवर. वर 'ओके'ची वाट बघत सर्व्हिस अडकून बसते ती वेगळीच.

घाईत असाल तर डब्ल्यूटीएस-सेंड-मेसेज (WTSSendMessage) हे विंडोजचं फंक्शन वापरा. सेशन क्रमांक दिला की साधा बॉक्स तिथे दिसतो. टाइमआउट (उत्तराची वाट किती वेळ बघायची ती मर्यादा) मात्र द्या.

मी स्वतः त्या वाटेला जात नाही. लॉगिनबरोबर सुरू होणारा छोटा ट्रे प्रोग्रॅम (घड्याळाजवळ आयकॉन असलेला) ठेवतो. सर्व्हिस त्याला नेम्ड पाइपवरून (दोन प्रोग्रॅममधल्या निरोपाच्या वाटेवरून) कळवते आणि टोस्ट (कोपऱ्यात येणारी छोटी सूचना) तो दाखवतो. पाइपच्या परवानग्या नीट लावा. ट्रेकडून आलेल्या 'हे इन्स्टॉल कर' छाप हुकमावर सर्व्हिसने डोळे मिटून विश्वास ठेवला, तर साध्या खात्यालाही सिस्टिमचे (विंडोजच्या सर्वांत ताकदवान खात्याचे) अधिकार हाती लागतात. (हा घोळ दिसतो त्यापेक्षा फार सहज होतो.)

रीस्टार्ट लागणार असेल तर सूचना आधी द्या, नंतर नाही. कुणीच लॉगिन नसेल तर इव्हेंट लॉगमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) नोंद पुरे.