पुढच्या रविवारची मॅच विसरा, शाळेला मात्र आज रात्रीच लेखी कळवा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितेय. मुलगा रग्बीच्या अंडर-१२ मध्ये, आज सकाळी शेजारच्या गावच्या क्लबशी मॅच, टॅकल करताना (समोरच्याला धरून पाडताना) समोरच्याच्या गुडघ्यावर डोकं आपटलं, थोडा वेळ गप्प बसला आणि मग "मी ठीक आहे" म्हणाला. कोचने बाहेर बसवलं, पण संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं की पुढच्या रविवारी त्यांच्या मैदानावर परतीची मॅच आहे, तोपर्यंत होईल बरा. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: खेळू द्यायचं का, आणि शाळेला सांगायची गरज आहे का. पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर हो, आणि आजच. मला मुख्यतः त्या दुसऱ्याबद्दलच बोलायचंय, कारण आमचं खरं नुकसान मैदानावर झालं नाही, शाळेच्या ऑफिसात झालं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. इंग्लंडात मुलाच्या रग्बीपायी बरेच हिवाळे टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, काढलेली आई आहे, एवढंच. स्कॉटलंड, वेल्स किंवा आयर्लंडमध्ये राहत असाल तर तिथले नियम तिथल्या रग्बी युनियनकडून तपासून घ्या. आणि हे वाचत असताना मुलाची डोकेदुखी वाढत चालली असेल, पुन्हापुन्हा उलट्या होत असतील, जागं ठेवणं अवघड जात असेल, एकाचे दोन दिसत असतील, मान दुखत असेल, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, झटका आला असेल, तर पुढचं वाचू नका, ९९९ (आणीबाणीचा नंबर) लावा. यातलं काही नसलं तरी १११ ला (सरकारी आरोग्यसेवेची सल्ला लाइन) फोन कराच. लागल्यापासून २४ तासांच्या आत करायला सांगितलेलं आहे, म्हणजे तुमच्या हातात अजून थोडा वेळ आहे.

आता पुढच्या रविवारबद्दल. २०२३ च्या एप्रिलमध्ये सरकारने हौशी खेळांसाठी कन्कशनची (डोक्याला मार लागून मेंदूला बसणाऱ्या हादऱ्याची) मार्गदर्शक तत्त्वं काढली, सगळ्या खेळांना एकच. त्यात लागलेला दिवस शून्य धरायचा. पहिले २४ ते ४८ तास विश्रांती, स्क्रीन कमीत कमी. मग हळूहळू रोजचे व्यवहार, शाळा, चालणं, हलका व्यायाम. टक्कर नसलेला सराव लवकरात लवकर आठव्या दिवशी. टक्कर असलेला सराव पंधराव्या दिवसाच्या आत नाही, आणि तोही बसल्या जागी काहीच त्रास होत नाही असे सलग १४ दिवस गेल्यावरच. मॅच एकविसाव्या दिवसाच्या आत कधीच नाही. मध्येच त्रास उलटला तर मागे यायचं. २८ दिवसांनंतरही त्रास असेल तर जीपीकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जायचं. बेशुद्ध झाला नव्हता म्हणून हे लागू नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध जातच नाही. सिटीस्कॅन काढू या म्हणजे कळेल, असं भारतातून कोणी सुचवेल (आमच्याकडे सुचवलं होतं). स्कॅन रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर शोधायला असतो, साधं कन्कशन त्यात दिसत नाही. स्कॅन स्वच्छ आला म्हणून मुलगा मैदानावर जायला मोकळा झाला, असं नाही.

अजून एक गैरसमज मी दरवर्षी ऐकते. सिक्स नेशन्ससारख्या मोठ्या रग्बी स्पर्धेत खेळाडूला आत नेतात, तपासतात आणि काही मिनिटांत परत पाठवतात, मग आपल्या मुलाला का नाही? ती तपासणी मोठ्या व्यावसायिक स्पर्धांपुरती आहे, तिथे प्रशिक्षित डॉक्टर असतात, व्हिडिओ असतो, प्रत्येक खेळाडूची आधीची नोंद असते. मुलांच्या मॅचमध्ये तसली तपासणी नाही. शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. तुमच्या कोचने एवढं नीट केलं, त्याबद्दल त्याचे आभार माना. ही माणसं आठवडाभर नोकरी करून रविवारी फुकट उभी राहतात, त्यांच्याशी भांडण नको. परतीच्या मॅचबद्दल मात्र एका ओळीत कळवा: "अमुक तारखेच्या आधी तो खेळणार नाही." तारीख लिहा, 'बघू' लिहू नका. शेजारच्या गावाशी मॅच असली की मोठ्यांनाच चेव चढतो, हे मी दोन्ही बाजूंच्या टचलाइनवर पाहिलंय. त्या चेवात 'बघू' चा अर्थ 'हो' होतो.

आमच्या मुलाचंही असंच झालं होतं. तोही अंडर-१२, बारा-बारा जणांचा सामना, समोर शेजारचाच क्लब. टॅकल बरोबर खाली होता, दोष कोणाचा नव्हता. बाहेर येऊन तो बसला आणि बुटाची नाडी बांधायला लागला. बांधली, सोडली, परत बांधली, परत सोडली. एकाच बुटाची. त्याच्या कोचने विचारलं, आत्ता कितवा हाफ? बरोबर सांगितलं. शेवटचा ट्राय कोणी मारला? बरोबर. मागच्या रविवारी आपण कोणाशी खेळलो? गप्प. तेवढं पुरे होतं. त्याने नोंदवहीत लिहिलं, आम्हाला सूचनांचा कागद दिला, १११ ला आमच्यासमोर फोन लावायला लावला. क्लबबद्दल माझी आजही काही तक्रार नाही.

तक्रार पुढच्या टप्प्याची आहे. क्लब आणि शाळा यांच्यामध्ये आपोआप काही पोचत नाही. क्लब युनियनशी जोडलेला, शाळा वेगळी, जीपी तिसरीकडे. मुलगा तिन्हीकडे एकच, पण त्याची माहिती तिन्हीकडे नेणारे फक्त आपण. आम्ही रविवारी रात्रीच शाळेच्या ऑफिसला ईमेल केली: काय झालं, १११ ने काय सांगितलं, कुठल्या तारखेपर्यंत पीई (शारीरिक शिक्षणाचा तास) नाही. सोमवारी फोन केला. उत्तर मिळालं की पीईमधून सूट हवी असेल तर डॉक्टरांचं पत्र लागेल, शाळेचं तसं धोरण आहे. जीपीच्या दवाखान्याला फोन केला. तिथे सांगितलं की शाळेसाठी पत्र आम्ही देत नाही, आईवडिलांनी कळवलेलं शाळेने मानायला हवं. परत शाळा. तिने ऑनलाइन फॉर्म भरायला सांगितला. त्या फॉर्ममध्ये कारण निवडायला दोनच पर्याय होते, 'आजारी, गैरहजर' आणि 'दवाखान्याची अपॉइंटमेंट'. शाळेत येणार, वर्गात बसणार, पण पीई करणार नाही, असा पर्यायच नव्हता. मी सूचनांचा कागद घेऊन खिडकीशी गेले. खिडकीतल्या बाईंनी तो वाचलासुद्धा नाही. "हे क्लबचं आहे, आमचं नाही," म्हणाल्या आणि कागद काचेखालून परत सरकवला.

मला आजही राग येतो तो त्या क्षणाचा. तो कागद क्लबने बनवलेला नव्हता. ती सगळ्या खेळांसाठीची तत्त्वं होती, शाळेतल्या खेळासह. वाचायला दोन मिनिटं लागली असती.

त्याच आठवड्यात त्याला पीईला उभं केलं. शिक्षकांपर्यंत आमची ईमेल पोचलीच नव्हती, त्यांचा यात दोष नाही. हॉलमध्ये डॉजबॉल चालू होता, मागे सरकताना दुसऱ्या मुलाच्या डोक्याला याचं डोकं लागलं. हलकंच. पण त्या दिवशी तो घरी आला तो उजेड सहन होत नाही म्हणत, आणि मग पुढे कित्येक आठवडे डोकेदुखी, वाचताना ओळी हलणं, दुपारी वर्गात झोप. सीझन गेला. रग्बीचं जाऊ दे, ज्या मुलाच्या हातातून पुस्तक सुटायचं नाही त्याला पानभर वाचवत नव्हतं. सातवी म्हणजे इथे माध्यमिक शाळेचं पहिलं वर्ष, नवी शाळा, आणि शिक्षकांना वाटायला लागलं की हा आळशी आहे. ऑफिसकडून शेवटी दोन ओळींचं उत्तर आलं की धोरणाचा आढावा घेतला जाईल.

हे वाचून घाबरू नका, बहुतेक मुलं काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात. पण पहिल्या हादऱ्यातून सावरण्याआधी दुसरा बसणं ही खरी भीतीची गोष्ट आहे. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या कॅरिकफर्गसचा बेन रॉबिन्सन, वय १४, शाळेच्या रग्बी मॅचमध्ये डोक्याला लागूनही खेळत राहिला आणि गेला. मृत्यूचं कारण सेकंड इम्पॅक्ट असं चौकशीत नोंदवलं गेलं. "शंका असेल तर बाहेर बसवा" ही सूचना आज इथे सगळीकडे लावलेली दिसते, तिच्यामागे त्याच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं केलेली धडपड आहे. ग्रुपवर कोणी "एवढं काय" म्हणालं तर हे सांगा.

म्हणून शाळेचं असं करा. नुसत्या ऑफिसच्या पत्त्यावर ईमेल टाकू नका. हेड ऑफ इयर (त्या इयत्तेचे प्रमुख), पीईचे प्रमुख आणि फॉर्म ट्यूटर (वर्गशिक्षक), तिघांना एकाच ईमेलमध्ये घ्या, ऑफिसला सीसीत ठेवा. विषयाच्या ओळीतच मुलाचं नाव, वर्ग आणि "डोक्याला दुखापत, अमुक तारखेपर्यंत पीई नाही" असं लिहा. आत लागल्याची तारीख, १११ ला केलेल्या फोनची वेळ, आठवा, पंधरावा आणि एकविसावा दिवस कोणत्या तारखेला येतो ते, आणि सरकारी तत्त्वांची पीडीएफ. शेवटी एक वाक्य हवंच: "मिळाल्याचं आणि पीईच्या शिक्षकांना कळवल्याचं कृपया उत्तरात सांगा." हे उत्तर येईपर्यंत पीईच्या दिवशी मुलाबरोबर वहीत सही केलेली चिठ्ठी द्या आणि त्याला सांगून ठेवा की कपडे बदलायचे नाहीत, सरळ शिक्षकांना चिठ्ठी द्यायची. अकरा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, कागद असला की सोपं होतं. पत्र मागितलं तर पत्राचा नियम लेखी मागा. माझं मत विचाराल तर पत्र मिळत नाही म्हणून मुलाला पीईला उभं करण्यापेक्षा त्या तासाला त्याला घरी आणा आणि गैरहजेरी लागली तर लागू द्या. कोणाला हे टोकाचं वाटेल. मला नाही वाटत.

पीई म्हणजे फक्त रग्बी नाही, हेही लक्षात ठेवा. ट्रॅम्पोलिन, जिम्नॅस्टिक्स, सुट्टीतला फुटबॉल, शनिवारचा इनडोअर क्रिकेट नेट, ट्रॅम्पोलिन पार्कमधली वाढदिवसाची पार्टी, सगळं त्यातच आलं. मंडळाच्या ढोल-ताशा पथकात असेल तर तेही थांबवा. बंद हॉलमधला ताशा त्या डोक्याला अजिबात सोसत नाही, आमच्याकडे ते उशिरा लक्षात आलं. आजी-आजोबांचे व्हिडिओ कॉल पहिले दोन दिवस साध्या फोनवर घ्या. मात्र अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवू नका. तो जुना सल्ला आहे, आता दोन दिवसांनी हळूहळू हिंडूफिरू द्यायला सांगतात.

तुम्ही शेवटी स्क्रम कॅप (रग्बीतली मऊ टोपी) घेऊ का असं विचारलंय. घ्यायची तर घ्या, कान आणि खरचटणं वाचतं. कन्कशन त्याने टळत नाही, आणि कॅप घातली की काही मुलं उलट जास्त बेधडक डोकं घालतात. त्यापेक्षा परत जाताना त्याच्या टॅकलवर कोचला वेळ द्यायला सांगा: डोकं समोरच्याच्या मागच्या बाजूला, पाठ सरळ, नजर वर. २०२३ च्या जुलैपासून इंग्लंडच्या हौशी रग्बीत टॅकल छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंतच करायचा असतो. नियम योग्य आहे असं मला ठाम वाटतं, पण वाकून करायच्या टॅकलमध्ये डोकं चुकीच्या बाजूला गेलं की गुडघा आणि कमरेचं हाड तिथेच असतं. तुमच्या मुलाचं बहुधा तेच झालंय. गमशील्ड (दातांवर बसवायचं कवच) नवीन घ्या, या वयात दात बदलतात आणि मागच्या वर्षीचं बसत नाही.

परतीच्या मॅचला त्याला बघायला नेलं तर चालेल का, तेही विचारलंय. डोकेदुखी नसेल, गोंगाट सोसत असेल आणि त्याला स्वतःला यायचं असेल तर न्या. हाफटाइमला बाकीची मुलं बॉल घेऊन पळतात तेव्हा तो तुमच्याजवळ हवा. किट घरी ठेवा. आणि कोणी "पाचच मिनिटं, एक मुलगा कमी आहे" म्हणत आलं तर क्लबच्या सेफगार्डिंग ऑफिसरचा (मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या माणसाचा) नंबर तुमच्या फोनमध्ये असू द्या. प्रत्येक क्लबला तो नेमावा लागतो, नाव क्लबच्या वेबसाइटवर सापडेल. शाळेकडून उत्तर आलं की इथे कळवा, पत्रावर अडले तर मी पाठवलेल्या ईमेलचा मजकूर देते.