शिक्का सोड, पुरावा वाच

प्रिय पोरी,

तुझं पत्र काल रात्री वाचलं. एक नेता म्हणाला की अमुक आकडा 'दुप्पट' झाला, आणि त्या एकाच वाक्याला एका फॅक्ट-चेक साइटनं 'खोटं' म्हटलं, दुसरीनं 'अर्धसत्य'. आणि तू शेवटी लिहिलंस, "सगळेच विकले गेलेत, आता मी कुणावरच विश्वास ठेवणार नाही." त्या वाक्यानं माझी झोप उडवली. थापेला भुललेल्या माणसाला एखादे वेळी शुद्धीवर आणता येतं. कशातच काही खरं नसतं असं मानून बसलेल्याला मात्र कुणीही हवं तिकडे नेतं.

तू पाठवलेल्या दोन्ही लिंक मी उघडल्या. तू उघडल्या होत्यास का? म्हणजे रंगीत शिक्क्याच्या खाली उतरली होतीस का? दोन्ही साइटनी आधाराला घेतलेला अहवाल तोच, आकडे तेच. एकीनं 'दुप्पट' हा शब्द काटेकोर मोजला, दुसरीनं कुठल्या वर्षापासून मोजायचं ते पाहिलं. भांडण फक्त शिक्क्यात आहे. म्हणून सांगतो, शिक्का सोड, पुरावा वाच.

शिक्का बदलतोही. ओबामांचं 'तुमची विमा योजना आवडत असेल तर ती तुमच्याकडेच राहील' हे आश्वासन पॉलिटिफॅक्ट या अमेरिकी फॅक्ट-चेक साइटनं 2008 साली 'खरं' ठरवलं, पुढे 'अर्धसत्य' म्हटलं आणि 2013 साली, लोकांच्या हाती विमा रद्द झाल्याची पत्रं पडल्यावर, त्यालाच वर्षातली सर्वांत मोठी थाप ठरवलं. वाक्य एक, शिक्के तीन. ज्यांनी पहिला शिक्का पाठ केला, त्यांना पुढे फसवल्यासारखं वाटलं. ज्यांनी मजकूर वाचला, त्यांना 2008 मध्येच दिसत होतं की ही पारख कागदावरच्या योजनेची आहे, कायदा अजून व्हायचाय.

हे मी तावातावानं लिहितोय, कारण मी स्वतः शिक्क्यावर गेलो होतो. रात्रपाळीला डेस्कवर होतो. एक नवखा वार्ताहर पुराची बातमी घेऊन आला, सोबत त्यानं स्वतः काढलेला पुलाचा फोटो. मी नेटवर पाहिलं, तर एका फॅक्ट-चेक साइटवर तोच पूल आणि वर ठसठशीत अक्षरांत 'जुना फोटो'. मी बातमी मारली. वर चार लोकांसमोर त्याला म्हणालो, "फोटो चोरून आणतोस?" दुसऱ्या दिवशी दुपारी सावकाश पाहिलं, तेव्हा त्या साइटवरच्या फोटोत पुलाचा कठडा शाबूत होता. पोराच्या फोटोत तो डावीकडून तुटून लोंबत होता. साइटचं काहीच चुकलं नव्हतं. तिनं वेगळाच फोटो तपासला होता आणि तसं पहिल्याच परिच्छेदात लिहिलंही होतं. बारा वाजून गेले होते, पान छपाईला सोडायचं होतं, माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं, हे मी आजही म्हणतो. पण तो परिच्छेद पाच ओळींचा होता. पोरानं महिन्याभरात नोकरी सोडली. मी माफी मागितली ती फोनवर, आणि उशिरा.

तर साइटवर विश्वास ठेवायचा का, हा तुझा प्रश्न मला अर्धाच वाटतो. कुठल्या लेखावर, आणि त्यात काय दाखवलंय म्हणून? मूळ भाषण, मूळ कागद, मूळ व्हिडिओ यांची लिंक आहे का? पैसे कोण देतं ते उघड लिहिलंय का? फेसबुकनं 2016 च्या डिसेंबरपासून अशा संस्थांना काम दिलं, पुढे त्याचे पैसेही दिले, आणि 2025 च्या जानेवारीत अमेरिकेत ते थांबवत असल्याचं जाहीर केलं. हा पैसा कुणाकडून येतो आणि कधी आटतो, हे वाचकाला ठाऊक असायलाच हवं. आणि चूक झाली की ती कुठे कबूल करतात? दुरुस्त्यांचं पान असलेली साइट मला जवळची वाटते. वर्षानुवर्षं एकही चूक न कबूल करणारीपासून मी चार हात लांब राहतो. आंतरराष्ट्रीय फॅक्ट-चेकिंग नेटवर्कची 2016 ची आचारसंहिताही हेच मागते: निःपक्षपात, स्रोत, पैसा, पद्धत, दुरुस्ती. पण त्या आचारसंहितेवर सही केलीय एवढ्यावर थांबलीस, तर तोही शिक्काच झाला.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वाइनबर्ग आणि मॅग्रू या संशोधकांनी 10 इतिहासकार, 10 फॅक्ट-चेकर आणि 25 विद्यार्थी यांना अनोळखी वेबसाइट पारखायला दिल्या. फॅक्ट-चेकर त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. शेजारी नव्या टॅब उघडून ही संस्था कोण, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात, ते आधी पाहून आले. इतिहासकारांतले आणि विद्यार्थ्यांतलेही बरेचजण देखण्या पानाला भुलले. मग फॅक्ट-चेकरच्या लेखालाही त्याचीच युक्ती लाव ना! कंटाळवाणं आहे, मला मान्य आहे. दर फॉरवर्डला एवढं करायला वेळ नसतो हेही मान्य. मग वेळ नसेल तेव्हा पुढे पाठवू नकोस आणि मतही देऊ नकोस. एवढं तर जमतं?

रागावलोय असं समजू नकोस. तू विचारलंस, हेच मला मोलाचं वाटतं. त्या पोराला विचारायचं मला सुचलं नव्हतं.

आता एक काम कर. दुसऱ्या साइटच्या लेखातली मूळ अहवालाची लिंक उघडत नाहीये. तो अहवाल शोधून काढ, तो आकडा कुठल्या पानावर आहे आणि त्याखालच्या तळटीपेत काय लिहिलंय, ते मला कळव. कोण विकलं गेलंय त्यावर मग बोलू.

तुझा,
काका