माझ्यानंतर हे सगळे कोण करणार?

गौरी-गणपती आटोपले की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या कुटुंबांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. साठी ओलांडलेली गृहिणी विचारते, "माझ्यानंतर हे सगळं कोण करणार?" आणि तिशी-पस्तिशीतली सून विचारते, "मला हे नाही जमलं, तर मी वाईट ठरते का?" दोघींची चिंता एकच असते, पण हे दोघींनाही ठाऊक नसते. एका घराने मला या चिंतेचे मूळ फार स्पष्ट दाखवले. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून ती हकिगत येथे मांडते आहे.

सासू, सून, मुलगा आणि नऊ वर्षांची नात असे हे चौघांचे घर. गौरींचे आवाहन, पूजन आणि विसर्जन अशा तीन दिवसांपैकी सुनेला एकाच दिवसाची रजा मिळाली होती. सोळा भाज्या आणि पुरणावरणाचा स्वयंपाक सासूबाईंनी एकटीने रेटला आणि विसर्जनाच्या रात्री "पुढच्या वर्षी मुखवटे कुणाला तरी देऊन टाकू" असे म्हणून त्यांनी अंथरूण धरले. सुनेचे म्हणणे असे : "मी मदतीला गेले की आई म्हणतात, राहू दे, तुझं तू बघ. नाही गेले की मावशींना फोनवर सांगतात, आमच्याकडे कुणाला हौस नाही."

पहिल्या काही भेटी कोणी किती केले याच्या हिशेबातच गेल्या. तो हिशेब मी मुद्दाम तोडला नाही, कारण न ऐकला गेलेला हिशेब दर सणाला पुन्हा नव्याने मांडला जातो. चौथ्या भेटीत मात्र मी सुनेला विचारले, "पाडव्यापासून होळीपर्यंतचं तुमच्या घरातलं वर्ष डोळ्यांपुढे आणा. त्यातली कोणती गोष्ट बंद झाली, तर हे घर तुम्हाला आपलं वाटणार नाही?"

सासूबाई मान खाली घालून बसल्या होत्या. सून थोडा वेळ थांबून म्हणाली, "चीक."

लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात घरी कुरडया होत्या. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, गाळून, त्याचे सत्त्व निवळत ठेवले होते आणि पहाटे ते मोठ्या पातेल्यात शिजत होते. सोऱ्यात भरण्याआधी सासूबाईंनी त्यातला गरम चीक एका वाटीत काढला, वर दूध-साखर घातली आणि "आधी हे खा, नंतर उरत नाही" असे म्हणून वाटी हातात दिली. "माहेर सोडल्यावर मला आपलं वाटलेलं ते पहिलं खाणं," सून म्हणाली.

"अगं, पण ती काय रीत आहे का?" सासूबाई खरोखरच चकित झाल्या होत्या. "ते तर उन्हाळ्याचं काम!"

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बार्बरा फीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कौटुंबिक दिनक्रम आणि रिवाज यांवरील ५० वर्षांच्या संशोधनाचा आढावा २००२ मध्ये घेतला. काय करायचे आहे हे दिनक्रम सांगतो, तर आपण कोण आहोत हे रिवाज सांगतो, असा भेद त्यांनी केला आहे, आणि माझ्या कामात मला तो पदोपदी दिसतो. एखादे काम रिवाज कधी झाले हे करणाऱ्याला कळत नाही. ज्याला त्यातून जागा मिळाली, त्यालाच ते कळते. सासूबाई ज्याला परंपरा समजत होत्या ती आपल्याबरोबर संपेल, या भीतीने त्या खचल्या होत्या आणि दिलेली परंपरा त्यांच्या मोजणीतच नव्हती.

मग मी त्यांना विचारले, "आजी, तुम्ही हे सगळं शिकलात कशा?"

"सासूबाईंकडून. पहिल्या संक्रांतीला माझा पाक पुढे गेला. तिळाच्या वड्या अशा दगड झाल्या, की बत्त्याने फोडाव्या लागल्या. सासूबाई म्हणाल्या, असू देत, बाहेर वाटू नकोस, आपण घरात खाऊ." त्या हसल्या आणि मध्येच थांबल्या. सुनेकडे न पाहता, पदराचे टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "मी हिला एकदाही काही बिघडवू दिलं नाही."

खोलीत कोणीच काही बोलले नाही. मीही बोलले नाही, आणि त्या वेळी गप्प राहिले याचे मला आजही समाधान वाटते. ते वाक्य माझ्या तोंडून आले असते तर तो आरोप ठरला असता.

अशा घरांना मी सांगते ते असे. सुरुवात गौरींपासून करू नये. जिथे चार पाहुणे जेवायला येतात, तिथे चूक परवडत नाही. सुरुवात संक्रांतीपासून करावी. ती सूर्याच्या गतीवर असल्याने सध्या १४ किंवा १५ जानेवारीलाच येते आणि नोकरी करणाऱ्या माणसाला रजा आधीच ठरवता येते. बाकीचे बहुतेक सण चांद्रवर्षाप्रमाणे दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतात आणि अधिक महिना आला की पुढे जातात. २०२० मध्ये गौरी ऑगस्टमध्ये आल्या होत्या, तर २०२३ मध्ये २१ ते २३ सप्टेंबरला. यात सुनेची हौस कमी-जास्त होत नसते, तिची रजा बसत नसते. दुसरे असे, की मदत मागू नये, काम सोपवावे. मदतनीसाला दर वेळी पुढचे विचारावे लागते. ज्याच्यावर काम सोपवले आहे, तो किती करायचे आणि कसे करायचे हे स्वतः ठरवतो. ज्याने सोपवले, त्याने विचारल्याशिवाय स्वयंपाकघरात बोलू नये. मुलगे "मी काय करणार त्यात" म्हणून बाजूला बसतात, तेही चालू देऊ नये.

त्या संक्रांतीला मुलाने तीळ भाजले आणि सुनेने पाक केला. पाक कच्चा राहिला, वड्या काही पडेनात. नातीने ते चमच्याने खाल्ले. "मी तीनदा दारापर्यंत गेले आणि परत फिरले," सासूबाईंनी पुढच्या भेटीत सांगितले. मे महिन्यात कुरडया झाल्या, तेव्हा चिकाची पहिली वाटी सुनेने सासूबाईंना दिली.

गौरींचे मुखवटे घरीच आहेत. सोळा भाज्या वेगवेगळ्या न करता सगळ्यांची मिळून एकच भाजी करायची, एवढे यंदा ठरले आहे. पुरण मात्र आपणच वाटणार, असे सासूबाई म्हणतात आणि त्यावर दोघींचे बोलणे अजून चालू आहे.