२०१५ सालातल्या मराठी चित्रपटांची आणि अभिनयाची क्रमवारी कशी लावाल? तुमचे पहिले पाच कोणते?

प्रश्न वाचून आधी हसलो, मग जुनी चीड वर आली. कारण २०१५ची यादी आमच्याकडे कधीच झाली आहे, वहीत आहे, आणि त्या वहीत माझं मत तांबड्या शाईने बाद केलेलं आहे.

आधी उत्तर देऊन टाकतो, मग पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पहिला ‘कोर्ट’, दुसरा ‘किल्ला’, तिसरा ‘कट्यार काळजात घुसली’. चौथ्या-पाचव्याचं नंतर बघू. अभिनयात वीरा साथीदार (आरोपी शाहीर) आणि गीतांजली कुलकर्णी (सरकारी वकील), दोघंही ‘कोर्ट’मधलेच.

आता क्रमवारी कशी लावायची ते. सगळ्यात आधी ‘वर्ष’ म्हणजे काय ते ठरवून घ्या, नाहीतर भांडण तिथेच सुरू होतं. ‘कोर्ट’चंच घ्या. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पारितोषिकं मिळाली २०१४च्या सप्टेंबरात. देशातल्या सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तोही २०१४च्या खात्यात, बासष्टाव्या पुरस्कारांत. थिएटरात लागला १७ एप्रिल २०१५ला. भारताकडून ऑस्करला गेला तो त्यानंतर. ‘किल्ला’ही तसाच: बर्लिनमध्ये २०१४च्या फेब्रुवारीत, आपल्याकडे २०१५च्या जूनमध्ये. गंमत म्हणजे त्या एकाच परीक्षणात देशातला सर्वोत्तम ‘कोर्ट’ आणि मराठीतला सर्वोत्तम ‘किल्ला’. आता लावा क्रम! याच्या उलटही होतं. ‘सैराट’साठी रिंकू राजगुरूच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारांत खास दखल घेतली गेली, ती २०१५च्या खात्यात. तेव्हा तुम्ही-आम्ही तो चित्रपट पाहिलेलाही नव्हता, तो लागला २९ एप्रिल २०१६ला. सरकार सेन्सॉर सर्टिफिकेटचं साल धरतं, म्हणून हे असं होतं.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर नियम आहे: ‘ज्या वर्षी तिकीट फाडलं ते वर्ष.’ अक्षर अण्णांचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. राज्य नाट्य स्पर्धेत पुष्कळ वर्षं कामं केली, एकदा अभिनयाचं प्रशस्तिपत्रही मिळालं. ते दिवाणखान्यात गणपतीच्या तसबिरीशेजारी लावलेलं आहे आणि गणपतीपेक्षा किंचित वर आहे. जानेवारीच्या पहिल्या रविवारी सासरी बैठक भरते. प्रत्येकाने पाच चित्रपट सांगायचे, पहिल्याला ५ गुण, पाचव्याला १. नट-नटीची नावं वेगळी. वही अण्णांची, बेरीज अण्णांची, आणि वही ज्या कपाटात राहते त्याची किल्लीही अण्णांकडेच.

२०१६ची ती बैठक ३ जानेवारीला होती. ‘नटसम्राट’ शुक्रवारी, १ जानेवारीला लागला होता आणि अण्णा शनिवारी जाऊन आले होते. डोळे अजून सुजलेले. आल्याआल्या त्यांनी जाहीर केलं की या वर्षीची यादी करायची गरजच नाही, नाना पाटेकर पहिले, बाकी सगळे शंभरापासून पुढे.

मी म्हटलं, “अण्णा, तो या वर्षीचा झाला. १६चा.”

“का?”

मी वहीचं पहिलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “भाऊजी, १ तारखेला सकाळी पडदा उघडला. म्हणजे सेन्सॉरवाले काय त्याच दिवशी पहाटे उठून बसले होते?”

मुद्दा बिनतोड होता, हे आज कबूल करतो. सरकारी नियमाने पाहिलं तर अण्णाच बरोबर होते. पण वहीचा नियम त्यांचाच, त्यामुळे त्या दिवशी मी जिंकलो आणि जिंकल्यासारखा वागलोही. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “पुरे आता, पुढे सरका.” अण्णांनी रागारागाने ५ गुण ‘कट्यार’ला दिले. ‘कोर्ट’ला शून्य. पाचातसुद्धा नाही.

मला तो शून्य लागला. मी विचारलं, का? तर म्हणाले, “त्यात अभिनय कुठे आहे? तो शाहीर नुसता उभा आहे. तो माणूस खराच चळवळीतला. स्वतःसारखं उभं राहायला काय लागतं?”

इथे माझं स्पष्ट मत सांगतो, कुणाला राग आला तर येऊ दे. स्वतःसारखं उभं राहणं ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे. अण्णा लग्नाच्या फोटोतसुद्धा स्वतःसारखे दिसत नाहीत. वीरा साथीदार त्या चित्रपटात पोरांची शिकवणी घेतो, बसने जातो, मंचावर चढतो, गातो, आणि त्याला अटक होते. या सगळ्यात तो एकदाही ‘मी थोर माणूस आहे हं’ असं आपल्याला सुचवत नाही. गाण्यामुळे एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये आत्महत्या केली असा हास्यास्पद आरोप त्याच्यावर आहे, आणि तो ते ऐकतो कसं, तर रेशनच्या रांगेत उभा असलेला माणूस ऐकतो तसं. हे नुसतं उभं राहणं असेल तर आमच्या सगळ्या नटांना आधी उभं राहायला शिकवा.

आणि गीतांजली कुलकर्णी? ती तर राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेली, रंगभूमीवर वाढलेली. तिथे ‘खराच माणूस आहे’ ही पळवाटही नाही. सरकारी वकील म्हणून ती कलमं अशी वाचते जशी आपण वाणसामानाची यादी वाचतो, आणि कोर्ट सुटल्यावर लोकलमध्ये बसते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. तिचा राग येईल अशी सगळी सोय आहे, तरी पुरता येत नाही. हे तिने केलंय.

अण्णांचा मापदंड साधा आहे: शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे. स्पर्धेच्या नाटकात ते बरोबरच. त्यांनी डॉ. लागूंचं ‘नटसम्राट’ नाटक सोळाव्या वर्षी पाहिलं, ‘कट्यार’ नाटकातले वसंतराव देशपांडेंचे खाँसाहेब पाहिले, त्यांचे कान आणि डोळे तिथे तयार झाले. पण सिनेमात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं काम कॅमेरा करतो. नटाने ते पुन्हा केलं की दुप्पट होतं. २०१५-१६च्या आसपासची आपली निम्मी ‘गाजलेली’ कामं अशी दुप्पट आहेत.

‘कट्यार’वर त्या दिवशी जे बोलणं झालं ते खरं तर तुमच्या प्रश्नाच्या जास्त कामाचं आहे. भाच्याने विचारलं, खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकरांचा, गाण्यातला गळा राहुल देशपांडेंचा, मग गुण कुणाचे? सदाशिवचंही तेच: दिसतात सुबोध भावे, गातात महेश काळे, आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळाला गळ्याला. गाणं जिचा प्राण आहे अशा भूमिकेत हा प्रश्न टाळता येत नाही. माझं म्हणणं, सचिनना पूर्ण गुण द्या. दुसऱ्याच्या तानेवर स्वतःचा अहंकार फुगवून दाखवायचा, नाकपुडी, मान, बोटं सगळं त्या तानेच्या मापात ठेवायचं, हे नक्कल करण्यापलीकडचं आहे. वहिनी म्हणाल्या, “अर्धे गुण राहुलला, पण ते सचिनच्या अर्ध्यातून कापू नका.” गणितात बसत नाही, पण मला पटलं होतं.

आणखी एक. वर्षाच्या शेवटी यादी करायला बसलात की जानेवारीतलं काही आठवत नाही. ‘लोकमान्य’ २ जानेवारी २०१५ला लागला होता, ‘कट्यार’ १२ नोव्हेंबरला. दोन्हीकडे सुबोध भावे. आमच्या बैठकीत टिळकांचं नावही कुणी काढलं नाही, मीसुद्धा नाही. मुक्ता बर्वेचं दुसरंच दुखणं: ‘डबल सीट’, ‘हायवे’ आणि ‘मुंबई-पुणे-मुंबई २’, एका वर्षात तीन. बायकोने एकासाठी नाव दिलं, वहिनींनी दुसऱ्यासाठी, आणि मतं फुटून मुक्ता कुठेच नाही. तेव्हा नटाचं नाव लिहू नका, भूमिकेचं लिहा. आणि पाहून आलात की त्याच रात्री दोन ओळी खरडून ठेवा.

तर बेरीज. ‘कोर्ट’ १८, ‘कट्यार’ १७. माझे ‘कोर्ट’ला ५, ‘कट्यार’ला ३. एका गुणाने का होईना, ‘कोर्ट’ पहिला. अण्णांचं पेन थांबलं.

मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. नाही बसलो. त्या चित्रपटाचा शेवट किती धाडसी आहे यावर व्याख्यान सुरू केलं. कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे मालवतात, दालन अंधारात बुडतं, आणि कॅमेरा हलत नाही. इथे चित्रपट संपवायला छाती लागते, अण्णा! न्यायव्यवस्थेवर याहून मोठं वाक्य काय असणार! आठ महिने मी हे ऑफिसात, बसमध्ये, न्हाव्याकडे, दिसेल त्याला ऐकवत होतो.

अण्णा शांतपणे म्हणाले, “आणि त्या पोराला मारतो ते?”

“कुठल्या पोराला?”

खोलीत एकदम शांतता. भाचा माझ्याकडे बघत नव्हता. बायको खाली बघत होती.

ज्यांनी पाहिलाय त्यांना कळलं असेल. अंधारानंतर चित्रपट संपत नाही. न्यायाधीश सहलीला गेलेला आहे, नातेवाइकांबरोबर, बाकावर डुलक्या घेतोय, पोरं येऊन त्याच्याजवळ ओरडतात, आणि तो एकाला थोबाडीत ठेवून पुन्हा झोपतो. खरा शेवट तो. अंधाराइतका सुंदर नाही, दसपट कडू आहे, आणि म्हणूनच बरोबर आहे. मी रात्रीच्या खेळाला गेलो होतो, थिएटरात जेमतेम पंधरा माणसं, शेवटची बस गाठायची होती. पडदा काळा झाला, मला वाटलं संपला, पाठीवर पिशवी टाकली आणि निघालो. माझ्यामागे आणखी दोघे उठले होते, म्हणजे ही चूक माझ्या एकट्याची नाही. बस मिळाली. अगदी खिडकीची जागा मिळाली.

अण्णांनी वहीचं पहिलं पान पुन्हा उघडलं. नियम तिसरा: ‘अर्धवट पाहिलेला चित्रपट धरला जाणार नाही.’ मग तांबडं पेन काढलं आणि माझ्या नावापुढे लिहिलं, ‘शेवट न पाहता दिलेलं मत. बाद.’ नुसते ‘कोर्ट’चे गुण काढले असते तर समजू शकलो असतो, त्यांनी माझी सगळी मतपत्रिका काढली. ‘कोर्ट’ १३, ‘कट्यार’ १४.

मी म्हणतो, हे चूक होतं. मी ‘कट्यार’ शेवटपर्यंत पाहिला होता, ‘किल्ला’ तर दोनदा. ते गुण का गेले? आणि ज्याने शेवट न बघताही चित्रपट ओळखला त्याचं मत बाद, आणि ज्याने पूर्ण बघून शून्य दिला त्याचं ग्राह्य, हा कुठला न्याय? ‘कोर्ट’बद्दलच हे व्हावं, यालाही काय म्हणायचं.

असो. थोडं सावरून घेतो. ‘नटसम्राट’ मला आवडला नाही असं नाही, मी रडलोही. विक्रम गोखले आणि नाना यांचे एकत्र प्रसंग तर पुन्हा पाहीन. पण रडू येणं हे माप नव्हे, कांद्यानेही येतं. दुसरं, ‘कोर्ट’ ही निव्वळ मराठी भाषेची गोष्ट नाही, त्यात हिंदी, गुजराती, इंग्रजी सगळं आहे, आणि तुमची यादी ‘मराठी’ असेल तर ‘किल्ला’ पहिला लावलात तरी मी वाद घालणार नाही. पार्थ भालेरावचा बंड्या आणि अमृता सुभाषची आई यांच्यासाठी तेवढं करायला मी तयार आहे. आणि अभिनयाची यादी चित्रपटांच्या यादीपासून वेगळीच ठेवा. मी वर दोन्ही एकत्र केल्या, तसं करू नका.

२०२१च्या एप्रिलमध्ये वीरा साथीदार कोरोनाने गेले. मला बातमी अण्णांच्या फोनवरून कळली. नमस्कार-चमत्कार काही नाही, नुसतं म्हणाले, “भाऊजी, तुमचा पहिला नंबर गेला.” मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. लॉकडाउनमध्ये त्यांनी ‘कोर्ट’ पुन्हा पाहिला होता, तो शिकवणीचा प्रसंग मागे नेऊन नेऊन. “पोरांकडे बघतो कसा ते पाहिलंत का तुम्ही?” म्हणाले. मी म्हटलं, मग ते तांबडं खोडा. तर म्हणाले, “नियम तो नियम. आणि तो अभिनय नव्हेच, ते वेगळं काहीतरी आहे.”

चौथा-पाचवा राहिलाच. ‘डबल सीट’ आणि ‘हायवे’, याच क्रमाने, कारणं विचारू नका. तुमची यादी झाली की खाली लिहा. ‘कोर्ट’ पहिला असेल तर जरूर लिहा, अण्णांना दाखवायला मला एक ग्राह्य मत हवं आहे. फक्त सहलीपर्यंत पाहून घ्या.