वडील 'मला काय वेड लागलंय का?' म्हणतात, मानसोपचारतज्ज्ञाकडे यायला तयार नाहीत. त्यांना कसं समजवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील, ज्यांना तुम्ही अण्णा म्हणता, ५८ वर्षांचे, शेती करतात. तीन महिन्यांपासून पारावर जाणं बंद, पहाटे तीनला उठून बसतात, जेवण निम्म्यावर आलंय आणि 'माझा आता काय उपयोग' हे दिवसातून एकदा तरी म्हणतात. डॉक्टरचं नाव काढलं की भडकतात. आई म्हणते, गावात कळलं तर बहिणीची जमत आलेली सोयरीक मोडेल.

बाकी सगळ्याच्या आधी 'माझा आता काय उपयोग' या वाक्याचं बघा. आज संध्याकाळी दोघंच असताना सरळ विचारा, "अण्णा, जगणं नको वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट एवढे दिवस एकट्याने सोसलेलं बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाले, किंवा कसं करायचं हेही मनात ठरलेलं दिसलं, तर क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या. गाडी नसेल तर १०८. 'नाही' म्हणाले तरी फवारणीची औषधं, तणनाशक, उंदराचं औषध आजच घरातून आणि गोठ्यातून हलवा, भाऊबंदांच्या शेडमध्ये कुलपात ठेवा, किल्ली त्यांच्या हाती लागणार नाही हे बघा. जीव द्यायची ऊर्मी बऱ्याचदा थोडाच वेळ टिकते, आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर जीव वाचणं अवलंबून असतं. ही एक गोष्ट कृपा करून उद्यावर टाकू नका.

आता समजवण्याचं. 'तुम्हाला डिप्रेशन आहे' हे वाक्य तूर्त बाजूला ठेवा. ते त्यांना आरोपासारखं ऐकू येतं आणि मग सगळा जोर आरोप खोडून काढण्यात जातो. त्यांना स्वतःला काय खुपतंय ते धरा. झोप गेलीय, भूक गेलीय, वजन उतरलंय. "तीन महिने नीट झोप नाही, त्याचं औषध घेऊन येऊ" हे खोटं नाही. पहाटे लवकर जाग येणं आणि अन्नावरची वासना उडणं ही डिप्रेशनची, म्हणजे नैराश्याच्या आजाराचीच लक्षणं आहेत. 'मला काय वेड लागलंय का?' आलं की शांतपणे म्हणा, "नाही, वेड नाही. झोप आणि भूक बिघडलीय. एकदा दाखवू, गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांचं ऐकून तुम्हीच ठरवा." आणि ते खरंच त्यांना ठरवू द्या.

हे बोलणं जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर नको. ज्यांचं ते ऐकतात अशा एकाच माणसाने, मामांनी किंवा थोरल्या चुलत्यांनी, शेतावर चालता चालता विषय काढला तर उत्तम. ओळखीत कुणी स्वतः हे उपचार घेऊन बरं झालं असेल आणि सांगायला तयार असेल, तर त्याच्या दोन वाक्यांना तुमच्या दहा वाक्यांपेक्षा वजन येईल.

डोळे तपासायला म्हणून फसवून नेऊ नका. चहा-आमटीत गोळी मिसळायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल, तोही ऐकू नका. मात्रा नीट जात नाही, त्रास झाला तरी कशाने झाला हे त्यांना कळत नाही, आणि एकदा उघडकीला आलं की माणूस घरच्या ताटावरही विश्वास ठेवत नाही. आईचं मन देवऋषीकडे जायचं असेल तर त्यावरून घरात भांडण नको. अंगारा लावा आणि डॉक्टरकडेही जा. मारझोड, उपास घडवणं, बांधून ठेवणं मात्र कुठल्याही नावाखाली होऊ देऊ नका.

सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांकडून केली तरी चालेल. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइडची टीएसएच, बी-१२ आणि सोडियम एवढं रक्त तपासून घ्या. थायरॉइड मंदावलं किंवा बी-१२ कमी झालं तरी माणूस असाच गळून जातो. पण रक्त द्यायच्या आधीच त्यांना सांगून ठेवा की मनाचा आजार या तपासण्यांत दिसत नाही. नाहीतर 'रिपोर्ट नॉर्मल आले, मला काही झालेलं नाही' म्हणून गाडी तिथेच थांबते. असं फार घरांत होतं.

मानसोपचारतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात मिळतात; जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून जा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जा, त्यात कमीपणा नाही. त्यांना नेण्याआधी तुम्ही स्वतः १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदत क्रमांकावर बोला. तो सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, आणि नातेवाइकांनाही मार्गदर्शन मिळतं.

आईच्या भीतीबद्दल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक केलंय. 'एकदा कागदावर आलं की माणूस वेडा ठरतो, सातबाऱ्यावरही गडबड होते' असं गावात बोलतात, तेही चूक. त्याच कायद्यात स्पष्ट म्हटलंय की मानसिक आजाराचं निदान झालं म्हणजे माणूस भ्रमिष्ट ठरत नाही, ते ठरवायचं तर न्यायालयानेच. 'शॉक देतील' ही भीतीही असेल. तो उपचार प्रत्येकाला देत नाहीत, आणि दिला तरी भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय द्यायला कायद्याने बंदी आहे. सोयरिकीचं म्हणाल तर मला स्पष्ट वाटतं की बैठकीत मान खाली घालून गप्प बसलेले, खंगलेले अण्णा हे पाहुण्यांच्या नजरेत आधी भरेल. उपचार घेणारा बाप कुणाला दिसतही नाही.

जाताना एका कागदावर लिहून न्या, कारण सरकारी ओपीडीत गर्दी असते आणि पाच मिनिटांत निम्मं सांगायचं राहतं. त्रास कधी सुरू झाला, झोप किती ते किती, आधीचं आणि आताचं वजन, बीपी-साखरेच्या चालू गोळ्या, दारू-तंबाखू, घराण्यात कुणाला असा त्रास होता का, कुणी जीव दिला होता का. आणखी एक आठवून लिहा: पूर्वी कधी उलटं झालं होतं का, झोपेची गरजच वाटत नाही, अखंड बोलणं, नको एवढा खर्च? असं असेल तर औषध वेगळं लागतं. नुसत्या नैराश्याच्या गोळीने तो उन्माद परत उसळू शकतो. आत गेल्यावर आधी अण्णांना बोलू द्या, मग तुम्ही थोडं बोला, आणि काही वेळ बाहेर जा.

उपचार सुटतो तो बऱ्याचदा पहिल्या महिन्यातच, म्हणून इथे नीट लक्ष द्या. एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखी गोळी मिळाली तर गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहा आठवडे लागतात, पण मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, बेचैनी पहिल्या आठवड्यातच होते. म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर. हे आधी सांगितलं नसेल तर चौथ्या दिवशी गोळ्या फळीवर जातात. बरोबर थोड्या दिवसांसाठी क्लोनाझेपामसारखी झोपेची गोळी दिली असेल, तर तिचा परिणाम पहिल्याच रात्री कळतो. मग लोक मेडिकलमधून तीच आणत राहतात आणि खरी गोळी बंद करतात. नेमकं उलटं झालं पाहिजे. सवय लागते ती झोपेच्या गोळीची, म्हणून ती डॉक्टर सांगतील तेव्हा कमी करत थांबवायची. नैराश्याच्या गोळीची नशा किंवा चटक लागत नाही, पण तीही एकदम तोडली तर चक्कर आणि अंगात झिणझिण्या येतात.

पहिल्या काही आठवड्यांत अंगात हुरूप आधी येऊ शकतो आणि मनातली निराशा मागून जाते. तेवढ्या काळात सोबत आणि कुलूप दोन्ही ठेवाच. या वयात, त्यातून बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, या नैराश्याच्या गोळीने रक्तातलं सोडियम घसरू शकतं. बोलण्यात गोंधळ, तोल जाणं, उलट्या असं काही दिसलं तर 'औषध बाधलं' म्हणून परस्पर बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि बरं वाटायला लागल्यावरही गोळी निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवावी लागते; लवकर सोडली तर आजार उलटण्याची शक्यता बरीच वाढते.

इतकं करूनही आले नाहीत, तर आठ-दहा दिवस विषय सोडा आणि पुन्हा काढा. तोवर तुम्ही एकटे जाऊन तज्ज्ञांचा सल्ला घ्या. अन्नपाणीच सोडलं किंवा जिवाचा धोका दिसला तर मात्र त्यांच्या होकाराची वाट पाहू नका. त्यांची निर्णय घेण्याची क्षमता आजाराने फार खालावली असेल तर त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ८९ खाली, एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका मानसिक आरोग्य तज्ज्ञाने किंवा डॉक्टरने स्वतंत्र तपासून, ३० दिवसांपर्यंत रुग्णालयात भरती करता येतं. अर्ज त्यांनी नेमलेल्या प्रतिनिधीने, कुणी नेमलेलं नसेल तर नातेवाइकाने द्यायचा असतो, त्यामुळे तुमचं आणि त्यांचं आधार कार्ड, चालू गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि तो लिहिलेला कागद एका पिशवीत तयार ठेवा.