आपत्कालीन विभागातले वयस्कर रुग्ण : 'एरवी कसे असतात?' हे आधी विचारा

प्रश्न : ऐंशी वर्षांचे गृहस्थ बाथरूममध्ये पडले म्हणून आले. नाडी ७८, वरचा रक्तदाब ११२, ताप नाही. ट्रायाजमध्ये, म्हणजे कुणाला आधी पाहायचे हे ठरवताना, मी 'स्थिर' लिहिले, पण वरिष्ठांनी ते खोडून त्यांना तातडीच्या वरच्या गटात टाकले. असे का?

वरिष्ठांनी योग्यच केले. यांचा एरवीचा रक्तदाब किती, हे विचारले होते का? ज्याचा रोजचा दाब १५० आहे, त्याचा ११२ झाला म्हणजे तो ३८ ने उतरला आहे. पासष्टीपुढच्या जखमी माणसाचा वरचा दाब ११० च्या खाली गेला की ती धोक्याची खूण धरतात. तरुणांत ही रेघ ९० वर असते. नाडीवर तर विसंबूच नये. बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी रक्तदाब-हृदयाची गोळी) घेणाऱ्याला आतून रक्तस्राव होत असला तरी नाडी सत्तरीतच राहू शकते. तापाचेही तेच : जंतुसंसर्ग गंभीर असूनही अंग गरम नसते, म्हणून अशक्त वृद्धात तोंडातले तापमान ३७.८ अंश सेल्सियसच्या वर गेले तरी ते ताप म्हणून नोंदवावे.

पडलेल्या माणसाबाबत आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. किती वेळ जमिनीवर पडून होते? तासाभराहून जास्त असेल, तर स्नायूंची नासधूस आणि मूत्रपिंडावरचा ताण पाहण्यासाठी रक्तातले क्रिएटिन कायनेज (स्नायूंसाठी) व क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) तपासावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? असेल आणि डोक्याला मार असेल, तर रुग्ण बोलता-चालता असला तरी सीटी स्कॅन करावा. आणि पडायच्या आधी काय झाले? पाय घसरणे वेगळे, चक्कर येणे वेगळे. शक्य असेल तर पाच मिनिटे आडवे ठेवून आणि मग उभे केल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला रक्तदाब घ्या. वरचा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर गोळ्यांची यादी काढून बसा.

खुब्याचा एक्स-रे स्वच्छ, पण पायावर भार देववत नाही, असा रुग्ण घरी सोडू नका. एक्स-रेत न दिसणारे अस्थिभंग असतात. एमआरआय किंवा सीटी करा.

प्रश्न : आई कालपासून गप्प-गप्प आहे, सारखी झोपते. 'वयामुळे असेल' असे सांगितले गेले. मग लघवीत जंतू सापडले आणि अँटिबायोटिक सुरू झाले. एवढे पुरेसे आहे का?

पुरेसे नाही. एका दिवसात बदललेला माणूस 'वयामुळे' बदलत नाही. स्मृतिभ्रंश महिन्यांत, वर्षांत वाढतो. तासांत किंवा दिवसांत आलेला बदल हा बहुधा डिलिरियम, म्हणजे आजारामुळे किंवा औषधामुळे अचानक आलेला मेंदूचा गोंधळ, असतो. आरडाओरड करणारा डिलिरियम सगळ्यांच्या लक्षात येतो. गुंगीतला, शांत पडून राहणारा मात्र निसटतो, कारण तो कुणाला त्रास देत नाही.

'फोर-एटी' नावाची चाचणी दोन-तीन मिनिटांत होते. तिच्यात रुग्णाची जाग, मग वय, जन्मतारीख, ठिकाण व चालू वर्ष, नंतर डिसेंबरपासून उलटे महिने, आणि शेवटी 'हे अचानक झाले का, कमी-जास्त होते का' असे चार भाग असतात. एकूण गुण ४ किंवा त्याहून जास्त आले की डिलिरियम धरून कारण शोधायचे. चौथ्या भागाचे उत्तर घरच्या माणसाकडेच असते. तेव्हा 'परवा ती स्वतः चहा करत होती' असे नेमके सांगा. 'बरी नाही' एवढ्यावर काही कळत नाही.

लघवीतल्या जंतूंचे म्हणाल, तर ते अनेक वृद्ध स्त्रियांत कोणताही त्रास नसताना आढळतात. जळजळ, ताप, कंबरेत दुखणे यांपैकी काही नसेल, तर फक्त गोंधळलेपणावरून मूत्रसंसर्गाचे निदान करू नये. त्याने खरे कारण झाकले जाते : न्यूमोनिया, सोडियमची घट, नवी झोपेची गोळी किंवा छातीत न दुखता आलेला हृदयविकाराचा झटका.

प्रश्न : रात्री रुग्ण सलाईन उपटतात, उठून पळू बघतात. बांधावे की इंजेक्शन द्यावे?

दोन्हींच्या आधी ऑक्सिजन, साखर, वेदना आणि मूत्राशय पाहा. तुंबलेली लघवी आणि न सांगता आलेली वेदना ही दोन कारणे वारंवार सुटतात. खुब्याच्या अस्थिभंगाला फॅसिया इलियाका ब्लॉक (जांघेजवळ नसा बधिर करणारे इंजेक्शन) दिला की मॉर्फिन कमी लागते आणि रुग्ण भानावर राहतो. चष्मा व श्रवणयंत्र लावा, ओळखीचे माणूस जवळ बसवा, नको असलेल्या नळ्या काढा. बांधल्याने माणूस जास्त झगडतो.

तरीही स्वतःला किंवा इतरांना इजा होईल अशी वेळ आली, तर हॅलोपेरिडॉल (शांत करणारे औषध) ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅमपासून, शक्य तर आधी ईसीजीत क्यूटी पाहून; हे अंतर लांबलेले असेल तर हृदयाची लय बिघडू शकते. पार्किन्सन किंवा लेवी बॉडी स्मृतिभ्रंश (पार्किन्सनशी नाते असलेला स्मृतिभ्रंशाचा प्रकार) असेल तर ते देऊच नये. लोराझेपाम हे गुंगीचे औषध फक्त दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक बंद झाल्या असतील तेव्हा. प्रोमेथाझिन, डायफेनहायड्रामिन ही ॲलर्जीची, गुंगी आणणारी औषधे 'जरा झोप लागावी' म्हणून देण्याची सवय मोडायला हवी; त्यांनी गोंधळ वाढतो आणि लघवीही अडते.

प्रश्न : विभाग सुधारायचा आहे, पैसा थोडा आहे. सुरुवात कुठून करू?

रंगरंगोटीपासून नको. आधी ट्रॉलीवरच्या पातळ गाद्या बदला. दाबामुळे त्वचेला होणारी इजा काही तासांत सुरू होते. रुग्णाच्या कानाला लावून आवाज मोठा करणारी, खिशात मावणारी एक-दोन यंत्रे ठेवा, कारण ऐकू न येणारा रुग्ण 'गोंधळलेला' ठरतो. लघवीची नळी (कॅथेटर) घालताना कारण लिहायची सक्ती करा. 'उठता येत नाही' हे कारण चालणार नाही.

आणि पंचाहत्तरीपुढच्यांना वॉर्डातली खाट आधी मिळेल असा नियम करा. फ्रान्समधल्या एका पाहणीत रात्र आपत्कालीन विभागात काढलेल्या अशा रुग्णांपैकी १५.७ टक्के रुग्णालयात दगावले. मध्यरात्रीआधी वॉर्डात गेलेल्यांत हे प्रमाण ११.१ टक्के होते. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, पण नियम करायला एवढा फरक पुरे.

प्रश्न : घरी सोडल्यावर दोन दिवसांनी फोन करतो. तरी रुग्ण परत येतात.

नुसत्या फोनने परत येणे कमी होत नाही, हे अमेरिकेतल्या चाचणीतही दिसले आहे. काम सोडण्याआधी करायचे असते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत बसायला बारा सेकंदांहून जास्त लागले, तर पडण्याचा धोका धरा. चालताच येत नसेल आणि एरवी येत असेल, तर सोडू नका. सूचना मोठ्या अक्षरांत द्या आणि 'समजले का?' न विचारता 'गोळी कशी घ्याल ते सांगा बघू' असे म्हणा. बंद केलेल्या गोळीवर यादीत ठळक काट मारा, नाहीतर घरी जुनी आणि नवी दोन्ही चालू राहतात.