जुना, चाकांवरचा अमेरिकन डिशवॉशर घेण्याआधी काय तपासावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की जळगावात अमेरिकेतून परतलेलं एक कुटुंब आपला जुना डिशवॉशर विकतंय. १९७०-८० च्या काळातला, चाकांवरचा, स्वयंपाकघराच्या नळाला पाइप जोडून चालणारा. सहा हजार मागताहेत, मोटर चालते, आईला भेट द्यायचा आहे, तर आणखी काय बघू? "मोटर चालते" हे वाचलं आणि मला राहवलं नाही. माझं भुसावळला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि अगदी याच जातीचं मशीन माझ्या बहिणीच्या घरी आहे. त्यावरून आमच्याकडे जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही.

मोटर चालते की नाही ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट. आधी घरचा नळ बघा.

ताई सावद्याला दिलीय. जिजाजींचे थोरले चुलतभाऊ बरीच वर्षं तिकडे होते, परत येताना घरचं सगळं सामान कंटेनरने आणलं, त्यात हे मशीन आलं. गडद हिरवा रंग, वर भाजी चिरता येईल अशी जाड लाकडी फळी, खाली चाकं. सोबत आपली वीज तिकडच्या १२० व्होल्टवर उतरवणारा ट्रान्सफॉर्मरही होता. त्यांच्याकडे ते कोणी वापरेना, म्हणून ताईकडे पाठवलं. मे महिन्यात सुरू केलं आणि भांडी अशी लख्ख निघाली की गल्लीतल्या बायका बघायला आल्या. शेवभाजीची तर्री बसलेलं पातेलं, वरणाचा गंज, सगळं एका दमात. दिवाळी झाली, थंडी पडली आणि तेच मशीन, तीच पावडर, पण वाट्यांच्या काठाला तेलाचा पिवळा थर तसाच. ताटावरून बोट फिरवलं की बोट चिकट. जिजाजींनी दोन मिनिटांत निकाल देऊन टाकला: "मशीन थकलं. आणि तसंही आपल्या तेलकट भांड्यांना ही मशिनं चालत नाहीत, तिकडच्या बशा धुवायला ठीक. आपण बाई लावू."

बाई काही लागली नाही. एकत्र कुटुंब, केळीच्या बागेवर कामाला माणसं, दोन्ही वेळचा भांड्यांचा ढीग पुन्हा ताईच्या अंगावर आला. राखीपौर्णिमेला मी तिचे हात पाहिले होते तेव्हा बरे होते. संक्रांतीला गेलो तर बोटांच्या पेरांवर भेगा, हळदीचा हात लागला की झोंबायचं. मी पिशवीतून मेगर (वीज बॉडीत गळतेय का ते तपासायचं मीटर) काढला आणि मशीन उघडायला बसलो.

मोटर उत्तम होती. वाइंडिंग कोरडं, करंट बरोबर. दोष मशीनमध्ये नव्हताच.

ही मशिनं ज्या घरांसाठी बनली तिथे स्वयंपाकघराच्या नळाला गरम पाणी येतं. साधारण ५० अंशांचं पाणी मशीनला बाहेरून मिळणार हे गृहीत धरलेलं असतं. आतला हीटर असतो तो धुताना पाणी निवू नये आणि शेवटी भांडी वाळावीत म्हणून. थंड पाणी कडक तापवायचं काम त्याचं नाही. आता मे महिन्यात सावद्याच्या स्लॅबवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी कसं असतं ते तुम्हाला जळगावकर म्हणून वेगळं सांगायला नको, त्यात हात धरवत नाही. ताई जेवणं उरकून दुपारीच मशीन लावायची, म्हणजे सूर्यच तिचा गीझर होता. थंडीत तीच टाकी गार पडली आणि तेल सुटेना. जिजाजी म्हणाले मशीन थकलं. थकलं होतं ते ऊन.

दुसरी भानगड दाबाची. त्या काळची बरीच अमेरिकन मशिनं आत किती पाणी आलं ते मोजत नाहीत, टायमर ठरलेले सेकंद व्हॉल्व्ह उघडा ठेवतो आणि बंद करतो. दाब पुरेसा असेल तर तेवढ्यात नऊ-दहा लिटर पाणी आत येतं. ताईच्या मशीनच्या पाटीवर किमान २० पीएसआय (दाबाचं माप) लिहिलं होतं. तेवढ्या दाबासाठी टाकी नळापासून १४ मीटर उंच हवी, म्हणजे चार मजले. आपल्याकडे टाकी स्लॅबवर, नळापासून तीन-साडेतीन मीटर. दाब मिळतो पाचेक पीएसआय. अर्धपोटी भरलेलं मशीन हवा ओढतं, पंप खरखरतो, फवारा वरच्या जाळीपर्यंत पोहोचतच नाही. ताईच्या वरच्या जाळीतल्या वाट्या खालच्या ताटांपेक्षा जास्त तेलकट निघायच्या, ते याचमुळे.

तिसरी गोष्ट ट्रान्सफॉर्मर विकणारे कधी सांगत नाहीत. तो व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी नाही, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं तो बदलत नाही. तिकडे ६० हर्ट्झ, इकडे ५०. तिकडे मिनिटाला ३,४५० फेऱ्यांनी फिरणारी मोटर इथे २,८५० च्या आसपास फिरते, आणि पंपाचा दाब फेऱ्यांच्या वर्गाने बदलतो, म्हणून तो तीस टक्क्यांनी पडतो. शिवाय ५० हर्ट्झवर पूर्ण १२० व्होल्ट दिले की कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे मोटरच्या लोखंडी गाभ्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, मोटर जादा करंट खाते, तापते आणि एक दिवस माझ्यासारख्याच्या दुकानात येते. मी ट्रान्सफॉर्मरला १०० व्होल्टचं टॅपिंग (वाइंडिंगच्या मधूनच काढलेलं टोक) काढलं, कारण ५० ला १०० हे ६० ला १२० याच प्रमाणात बसतं. त्यात हीटरची ताकद सत्तर टक्क्यांवर येते, ते सोसावं लागतं. ५० हर्ट्झमुळे टायमरही सावकाश चालतो, तासाभराचं काम ७२ मिनिटांत होतं. त्याचा एक फायदा असा की पाणी भरायलाही तेवढाच जास्त वेळ मिळतो.

मग गीझरची लाइन सिंकच्या नळापर्यंत आणली, मध्ये छोटा प्रेशर पंप बसवला. नळाला बसणारा जो जोड असतो, ज्यातून गरम पाणी आत जातं आणि घाण पाणी सिंकमध्ये परत येतं, त्याचे आटे आपल्या नळाला जुळत नाहीत. लेथवर पितळेचा तुकडा फिरवून घेतला. त्या संध्याकाळी ताईने मुद्दाम वांग्याच्या भरिताची कढई आणि शेवभाजीच्या वाट्या घातल्या. निघाल्या त्या मी जिजाजींच्याच हातात दिल्या. ते म्हणाले, "गीझर लावला म्हणून निघाल्या." अहो, हेच तर मी सांगत होतो! चूल न पेटवता भाकरी टाकायची आणि तवा खराब म्हणायचं, तसं झालं हे. अजूनही लग्नाकार्यात पंगतीला बसले की ते "आपल्या भांड्यांना मशीन चालत नाही" हेच सांगतात आणि चार माणसं माना डोलवतात. त्यातल्या एकाच्याही घरी ती माणसं स्वतः भांडी घासत नाहीत.

आता तुमचं मशीन. बघायला जाल तेव्हा टॉर्च न्या आणि ते आडवं करून खालून बघा. पंपाभोवती पांढरे-हिरवट ओघळ दिसले तर सील गळतंय. वर्षानुवर्षं कोरडं पडलेलं सील कडक होतं, त्यामुळे नुसतं चालवून बघून कळत नाही. टबात पाणी भरून तासभर ठेवा आणि खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा. दाराचं रबर नखाने दाबा, खड्डा तसाच राहिला तर ते गेलं. या वयाच्या मशीनचं तंतोतंत रबर इथे मिळेल अशी आशा धरू नका. जाळ्यांच्या टोकांचं प्लॅस्टिक निघून लोखंड उघडं पडलं असेल तर भांड्यांवर गंजाचे डाग पडतील. टब चिनीमातीच्या लेपाचा असेल तर टवके कुठे उडालेत ते बोटाने चाचपा. मोटर चालू करण्याआधी जमलं तर शाफ्ट हाताने फिरवा. जाम असेल आणि त्यांनी तुमच्यासमोर बटण दाबलं, तर जळक्या वॉर्निशचा वास येईल.

हीटर आणि मोटर दोन्ही बॉडीशी मेगरने तपासून घ्या, ५०० व्होल्टवर किमान एक मेगओहम तरी हवा. पडून राहिलेला हीटर ओल धरतो, त्याचं रीडिंग कमी आलं तर लगेच नाकारू नका, सुकवून पुन्हा बघा. मेगर नसेल तर गावातल्या कुठल्याही रिवाइंडिंगवाल्याला शंभर-दोनशे देऊन सोबत न्या.

आणि घरी आधी हे करा: सिंकच्या नळाखाली १० लिटरची बादली लावा. दीड मिनिटात भरली नाही तर प्रेशर पंपाचा खर्च धराच. बोअरचं पाणी असेल तर बादलीचा काठ बघा. पांढरा थर चढत असेल तर तोच थर हीटरवर आणि ग्लासांवर चढेल. पाणी मृदू करायची, मीठ घालायची सोय या जुन्या अमेरिकन मशिनांत नसते. अधूनमधून सायट्रिक ॲसिड घालून रिकामं फिरवावं लागतं. पावडर डिशवॉशरचीच वापरा, हाताने घासायच्या लिक्विडचा फेस झाला की पंप पाणीच ओढत नाही. ॲल्युमिनियम काळं पडतं, लोखंडी तवा गंजतो, लाकडी काठवट तडकते, ती भांडी बाहेरच ठेवायची.

किमतीचं विचाराल तर सहा हजार जास्त आहेत. दोन केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, पंप, गीझरची लाइन, प्लंबर धरला तर इथे मिळणाऱ्या नव्या मशीनच्या किमतीकडे तुम्ही निम्म्याहून जास्त चालत जाल. नवं मशीन पाणी स्वतः तापवतं, मीठ घेतं आणि दहा-बारा लिटरमध्ये काम उरकतं. हे जुनं धूड एका वेळेला चाळीस-पन्नास लिटर पितं. नळ दिवसाआड येणाऱ्या घरात हा विचार आधी करायचा. दोन हजारांच्या आत मिळालं आणि तुम्हाला हाताने काम करायची हौस असेल, तरच घ्या.

हे सगळं मी १२० व्होल्टच्या अमेरिकन मशीनबद्दल लिहिलंय. पाटीवर २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ असेल, म्हणजे आखातातून किंवा युरोपातून आलेलं असेल, तर ट्रान्सफॉर्मरचा भाग विसरा. त्यातली बरीच मशिनं पाणीही स्वतः तापवतात. मशीन कुठलंही असो, अर्थिंग नीट नसेल आणि बोर्डात आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर ओल्या स्वयंपाकघरात ते चालवू नका. इथे मी ऐकून घेणार नाही.

आणि आईला विचारलंत का? जाळीत भांडी रचायची कोणी, पाइप जोडायचा कोणी, चाकं ढकलत सिंकपाशी आणायचं कोणी? ते तुम्ही करणार असाल तर भेट म्हणा. ताईच्या घरी आता हे काम भाचा करतो, मी त्याला जोडाच्या बाजूचं बटण दाबून आधी प्रेशर सोडायला आणि मगच पाइप काढायला शिकवलंय. जिजाजींनी अजून एकदाही हात लावलेला नाही.

पाटीचा फोटो आणि बादली भरायला लागलेला वेळ इथेच खाली टाका, त्यावरून घ्यायचं की सोडायचं ते मी स्पष्ट सांगतो.